कॅनबिस, हेम्प, हान्फ: शब्द एकच, कायदे वेगळे

जर्मनीत १ एप्रिल २०२४ ला जो कायदा लागू झाला त्यात भांग-गांजाच्या झाडासाठी दोन शब्द आहेत, कॅनबिस आणि नुट्सहान्फ, म्हणजे उद्योगाला लागणारा हान्फ, इंग्रजीतला हेम्प. पहिल्यावर ग्रॅमची मर्यादा (बाहेर २५, घरी ५०, वर तीन झाडं), दुसरा सरळ शेतमाल. झाड तेच, आणि मुळात शब्दही तोच.

ग्रीकांनी कान्नाबिस हा शब्द बाहेरून घेतला असं धरतात, काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या भटक्या सिथियन लोकांकडून की ग्रीसच्या ईशान्येकडच्या थ्रेसकडून यावर वाद चालूच आहे. इसवी सनापूर्वी ५व्या शतकातल्या एका ग्रीक वर्णनात दोघंही आहेत, सिथियन तंबूत तापलेल्या दगडांवर बी टाकून वाफ घेतायत आणि थ्रेसवाले त्याच झाडाचं कापड विणतायत, नावं वेगळी करायची गरज कुणाला वाटली नव्हती. लॅटिनमार्गे पुढे इटालियन कानापा, फ्रेंच शांव्र, स्पॅनिश कान्यामो, आणि कॅनव्हासही तिथलाच. उत्तरेकडच्या जर्मॅनिक भाषांमध्ये जुन्या क चा ह आणि ब चा प झाला, म्हणून इंग्रजीत हेम्प, जर्मनमध्ये पुढे प चाही फ होऊन हान्फ. म्हणजे तिकडे हा शब्द लॅटिन पुस्तकांतून गेला नाही, त्याच्या कितीतरी आधी, बहुतेक मालाबरोबरच पोचला असणार.

बायबलमधल्या 'काने बोसेम' या सुगंधी वनस्पतीच्या नावावरून शब्द हिब्रू ठरवणारे नेटवर भरपूर भेटतात, तो दावा १९३६ मधल्या एका पोलिश अभ्यासक बाईंचा. बहुतेक भाषातज्ज्ञ तो मानत नाहीत, काने म्हणजे बोरू, वेत. मलाही तो ओढूनताणून वाटतो.

कॅनबिस हे रूप युरोपच्या बोलण्यात दुसऱ्यांदा आलं ते शास्त्रातून. १७५३ ला कॅनबिस सटायव्हा, १७८५ ला भारतातल्या नमुन्यांवरून कॅनबिस इंडिका, मग १८३९ च्या सुमारास कलकत्त्यातले या झाडाचे औषधी प्रयोग वाचून युरोपातल्या औषधवाल्यांनी तेच लॅटिन नाव बाटल्यांवर लावलं. दोरखंडाला गावठी शब्द राहिला, बाटलीला लॅटिन. पण हेही नीट पाळलं गेलं नाही, कारण १९२५ च्या जिनिव्हा करारात अमली पदार्थाचंच नाव 'इंडियन हेम्प' आहे आणि दुसरीकडे आपल्या अंबाडीला इंग्रजीत डेक्कन हेम्प म्हणतात, जिचा या झाडाशी काही संबंध नाही.

खरा घोळ अमली पदार्थांवरच्या १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात झाला. तिथे कॅनबिस म्हणजे अख्खं झाड नाही, फक्त फुलं किंवा फळं धरलेले शेंडे, आणि शेंडे सोबत नसतील तर बी आणि पानं वगळलेली. त्यामुळे पानांची भांग व्याख्येबाहेर राहिली आणि आपल्या १९८५ च्या कायद्यातही गांजाची व्याख्या जवळपास त्याच शब्दांत आहे. मला ही व्याख्या बरी वाटते कारण ती निदान झाडाच्या भागाबद्दल बोलते. नंतर आली टक्केवारी. १९७६ मध्ये दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी वर्गीकरणासाठी ०.३ टक्के टीएचसी (झाडातलं नशा आणणारं द्रव्य) ही रेघ सुचवली, ती सोयीसाठी ओढलीय हे त्यांनीच लिहिलं होतं, तरी २०१८ ला अमेरिकेने तीच कायद्यात घालून त्याखालच्या झाडाला हेम्प ठरवलं. नशा किती चढते याच्याशी त्या आकड्याचं फारसं देणंघेणं नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये युरोपियन युनियनच्या कोर्टापुढे अख्ख्या झाडापासून काढलेल्या सीबीडीचं (त्याच झाडातलं दुसरं द्रव्य) प्रकरण आलं. १९६१ ची व्याख्या शब्दशः घेतली तर ते अमली पदार्थात मोडेल हे कोर्टाने मान्य केलं, पण कराराचा हेतू लोकांच्या आरोग्याचा आहे आणि सीबीडीने नशा होत नाही म्हणून त्यात धरलं नाही. शेतीतली मर्यादा मात्र टक्क्यातच राहिली, युरोपात ती मधली बरीच वर्षं ०.२ होती, २०२३ पासून परत ०.३, त्यामुळे आदल्या वर्षी अनुदानात न बसणारे वाण आता बसतात.