जिभेखालची गोळी आणि रोजची गोळी: सॉर्बिट्रेट व अ‍ॅस्पिरिन यांतील फरक

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाच्या औषधांच्या डब्यात दोन गोळ्या बहुधा असतातच: छातीत दुखू लागल्यास जिभेखाली ठेवण्यासाठी दिलेली सॉर्बिट्रेट आणि रोज जेवणानंतर घ्यायची अ‍ॅस्पिरिन. घरात दोहोंनाही ‘हार्टची गोळी’ एवढेच म्हटले जाते. त्यामुळे ऐन वेळी एकीऐवजी दुसरी दिली जाते किंवा, जे अधिक घातक आहे, एकीने लगेच बरे वाटते म्हणून दुसरी निरुपयोगी ठरवून बंद केली जाते.

सॉर्बिट्रेट म्हणजे आयसोसॉर्बाइड डायनायट्रेट. हे औषध नायट्रोग्लिसरिनच्या कुळातले असून छातीच्या दुखण्यावर नायट्रोग्लिसरिनचा उपयोग विल्यम मरेल या इंग्लिश डॉक्टरांनी १८७९ मध्येच नोंदवला होता. जिभेखालच्या पातळ त्वचेतून ते थेट रक्तात उतरते आणि काही मिनिटांत शिरा सैलावतात, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते, हृदयाचे ओझे हलके होते व वेदना ओसरते. रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल, तर ती मात्र जागच्या जागी राहते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५८ हजारांहून अधिक रुग्णांच्या ‘आयसिस-४’ चाचणीत याच कुळातले औषध झटक्यानंतर महिनाभर तोंडावाटे दिले गेले, तरी मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय घट दिसली नाही.

अ‍ॅस्पिरिनचे काम नेमके त्या गुठळीशी निगडित आहे. रक्तवाहिनीतील चरबीचा थर फुटला की तेथे प्लेटलेट पेशी चिकटू लागतात आणि परस्परांना बोलावण्यासाठी थ्रोम्बॉक्सेन नावाचे रसायन सोडतात. अ‍ॅस्पिरिन हे रसायन तयार करणारे विकर (एन्झाइम) कायमचे निकामी करते आणि केंद्रक नसलेल्या प्लेटलेटला ते पुन्हा बनवता येत नाही. प्लेटलेटचे आयुष्य ७ ते १० दिवसांचे असते, पण नव्या पेशी रोज तयार होत असल्याने गोळीही रोजच घ्यावी लागते, आणि त्यासाठी साधारणपणे ७५ मिलिग्रॅमची मात्रा पुरते. १९८८ च्या ‘आयसिस-२’ चाचणीत १७,१८७ रुग्णांपैकी ज्यांना झटक्यानंतर महिनाभर अ‍ॅस्पिरिन मिळाली, त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारे मृत्यू सुमारे २३ टक्क्यांनी कमी आढळले.

अडचण अशी की अ‍ॅस्पिरिन घेऊन रुग्णाला काहीच जाणवत नाही. जाणवलीच तर पोटातील जळजळ. ती झाली तर डॉक्टरांना सांगावे, गोळी परस्पर सोडू नये. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी, बसवला असेल, तर अ‍ॅस्पिरिनच्या जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा टिकाग्रेलॉर हे प्लेटलेटना रोखणारे दुसरे औषध बहुधा वर्षभर दिले जाते. दात काढायचा आहे एवढ्या कारणाने दोन्ही औषधे स्वतःच थांबवल्यास स्टेंटमध्येच गुठळी होण्याचा धोका असतो.

प्रत्यक्ष छातीत दुखू लागल्यावर दोन्ही गोळ्यांची रीत वेगळी आहे. सॉर्बिट्रेट बसून घ्यावी, उभ्याने नाही, कारण रक्तदाब झपाट्याने उतरून भोवळ येऊ शकते. रक्तदाब मुळातच कमी असल्यास ती देऊ नये. मागील २४ तासांत सिल्डेनाफिल (व्हायग्रा) किंवा ४८ तासांत टाडालाफिल ही पुरुषांच्या लैंगिक दुर्बलतेवरची औषधे घेतली असल्यासही ती वर्ज्य आहे. हा प्रश्न विचारायला घरच्यांना अवघड वाटते, पण तो विचारलाच पाहिजे. अ‍ॅस्पिरिन मात्र त्या वेळी गिळायची नसून चावायची असते. एरवी पोटाला जपणारे तिचे आवरण अशा वेळी औषध रक्तात पोहोचायला उशीर करते. अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्राव नसेल, तर साधारण ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ७५ च्या चार गोळ्या, देतात. आपल्याबाबत हे लागू आहे का, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

सॉर्बिट्रेटने पाच मिनिटांत दुखणे थांबले नाही किंवा वाढले, तर महाराष्ट्रात १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. मात्र दुखणे थांबले, म्हणून हृदयाचे काही बिघडलेले नाही असा निष्कर्ष काढता येत नाही; आणि उलटपक्षी, अन्ननलिकेच्या आकडीची वेदनाही याच गोळीने शमू शकते, म्हणून आराम पडला यावरून दुखणे हृदयाचेच होते असेही ठरत नाही. पूर्वी क्वचित लागणारी सॉर्बिट्रेट आता वरचेवर, कमी श्रमातही लागू लागली असेल, तर अ‍ॅस्पिरिन नियमित चालू असली तरीही, पुढच्या ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना त्वरित भेटावे.