हातमागावरच्या विणकामासाठी रंगांची आखणी आणि सुताचा हिशोब

हातमागावर काहीही विणायला घ्यायच्या आधी कापडात कुठला रंग कुठे आणि किती येणार हे ठरवायचं आणि त्यासाठी प्रत्येक रंगाचं सूत किती लागेल ते काढायचं, या सगळ्या कागदावरच्या कामाला आखणी म्हणतात. बहुतेक जण याची दोन कामं समजतात, रंग निवडणं हे मजेचं आणि मोजमाप हे कंटाळ्याचं. पण मागावर रंग म्हणजे शेवटी आकडाच असतो, पिवळी पट्टी ४ धाग्यांची की १२ धाग्यांची एवढाच प्रश्न असतो. आणि चित्र काढणाऱ्याचा जसा काम चालू असताना विचार बदलू शकतो तसं इथे होत नाही, एकदा उभे धागे फणीतून (धाग्यांमधलं अंतर राखणाऱ्या दातेरी चौकटीतून) ओवून रोलरवर गुंडाळले की उभ्या पट्ट्या पक्क्या झाल्या, मग पिवळा कितीही डोळ्यात खुपला तरी तो शेवटपर्यंत सोबत राहणार.

उभ्या धाग्यांना ताणा म्हणतात आणि धोट्यातून (सूत घेऊन या कडेहून त्या कडेला जाणाऱ्या साधनातून) आडव्या जाणाऱ्या धाग्याला बाणा. ताण्याचं सगळं आधी ठरतं, बाण्यात मात्र अगदी शेवटच्या वितीपर्यंत मोकळीक असते, दुसऱ्या रंगाची कांडी (धोट्यात बसणारी सुताची नळी) भरली की झालं. म्हणून आखणीचा जवळजवळ सगळा जोर ताण्यावर असतो.

सुताचा नंबर

सूत किती बारीक आहे ते काउंटवरून कळतं. सुती धाग्याच्या इंग्लिश पद्धतीत १ पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात तितका काउंट, म्हणजे नंबर वाढला की सूत बारीक होतं. १ नंबरचं सूत १ ग्रॅमला साधारण १.६९ मीटर भरतं. ८/२ असं लिहिलं असेल तर ८ नंबरचे दोन पदर एकत्र पिळलेत, ग्रॅमला ६.७७ मीटर. काही जण हेच २/८ असं उलटं लिहितात, त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते पद्धत वेगळी असली की. मेट्रिक पद्धतीत काउंट म्हणजे सरळ ग्रॅमला किती मीटर, त्यामुळे मेट्रिक ८/२ ग्रॅमला फक्त ४ मीटर भरतो, आणि दोन्ही कोनवर (सूत गुंडाळलेल्या शंकूवर) छापलेलं असतं तेच ८/२. लिननची लडी ३०० यार्डांची धरतात, म्हणून एकपदरी ८ नंबरचं लिनन तेवढ्याच लांबीच्या ८ नंबरच्या एकपदरी सुतापेक्षा पावणेतीन पटीहून जड निघतं. वूस्टेड लोकरीची लडी ५६० यार्डांची. टेक्स आणि डेनिअर यांचं गणित उलट चालतं, १००० मीटरचं वजन ग्रॅममध्ये म्हणजे टेक्स, ९००० मीटरचं म्हणजे डेनिअर, इथे आकडा वाढला की धागा जाड.

कोनवर काहीच लिहिलेलं नसेल तर धागा मोजून वजन करायचं, पण इथे घाई नडते. समजा तुम्ही ८/२ चे १० मीटर मोजले आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. खरं वजन १.४८ ग्रॅम, काटा दाखवणार १. तुम्ही समजणार ग्रॅमला १० मीटर, आणि ज्या कामाला ३७६ ग्रॅम लागणार त्याला २५४ ग्रॅम आणून बसणार! तोच काटा असला तरी ५० मीटर मोजले तर तो ७ दाखवतो, हिशोब ७.१४ मीटर येतो, तो बराच जवळचा आहे. म्हणजे काटा महागडा नको, मोजायला धागा जास्त घ्या.

इंचाला किती धागे

पट्टीवर सूत शेजारी शेजारी, न ताणता न दाबता गुंडाळायचं आणि १ इंचात किती वेढे बसतात ते बघायचं. ८/२ चे सुमारे ४० बसतात. साध्या विणीला (आडवा धागा एका उभ्यावरून, पुढच्याखालून) याच्या निम्मे धागे धरतात, म्हणजे इंचाला २०, कारण प्रत्येक उभ्या धाग्याशेजारी आडव्याला वर-खाली व्हायला तेवढीच जागा लागते. ट्विलमध्ये, म्हणजे तिरक्या रेघांच्या विणीत, आडवा धागा दोन-दोन धागे ओलांडतो, वर-खाली कमी होतं, म्हणून धागे जास्त दाटीत बसू शकतात, दोन-तृतीयांश म्हणजे २६-२७, तरी बरेच जण २४ वरच थांबतात. हा सुरुवातीचा अंदाज आहे, नियम नाही. गळ्यात घ्यायचं सैलसर कापड हवं असेल तर कमी, सतरंजीसारखं घट्ट हवं असेल तर तिथे अख्खा हिशोबच वेगळा, कारण त्यात ताणा किंवा बाणा यातला एकच दिसतो.

प्रत्यक्ष हिशोब

एक स्टोल घेऊ, धुऊन वाळल्यावर ७२ इंच लांब आणि २० इंच रुंद हवाय, सूत ८/२, साधी वीण. रुंदी विणताना कडेने आत ओढली जाते आणि धुतल्यावर आणखी आक्रसते, दोन्हीसाठी मिळून १५ टक्के धरले तर फणीत २३ इंच भरायचे. २३ गुणिले २० म्हणजे ४६० धागे, कडा मजबूत व्हाव्यात म्हणून ४ जास्त, एकूण ४६४.

लांबीचं गणित थोडं नाजूक. ताण्याचा धागा कापडात सरळ जात नाही, प्रत्येक बाण्यावरून नागमोडी जातो, त्यात साधारण १० टक्के लांबी जाते आणि धुण्यात आणखी १० टक्के, म्हणून ७२ मध्ये १५ इंच मिळवून ८७ झाले. आता वाया जाणारं सूत. समोर रोलरला बांधायला काही इंच लागतात, आणि शेवटी मागची दांडी हेडलजवळ (उभे धागे वर-खाली करणाऱ्या भागाजवळ) आली की धागे उघडतच नाहीत, तिथलं उरलेलं सूत विणता येत नाही म्हणजे नाही. लहान टेबलावरच्या मागावर हे सगळं मिळून १८ इंचांत भागतं, जमिनीवरच्या मोठ्या मागावर गजभर जातं. आपण ३० धरू. ८७ आणि ३० म्हणजे ११७ इंच, सरळ ३ मीटर धरा. स्टोलला दशा (टोकाचे मोकळे धागे) सोडायच्या असतील तर त्या या वाया जाणाऱ्या ३० इंचातूनच निघतात, वेगळे धरायची गरज बहुतेक वेळा नसते (दोन-तीन स्टोल एकाच ताण्यावर काढायचे असतील तर मात्र मधल्या दशा मोजाव्याच लागतात). ४६४ गुणिले ३, ताणा झाला १३९२ मीटर.

बाण्याचं सोपं आहे. मागावर प्रत्यक्ष विणली जाणारी लांबी ८० इंच धरा, इंचाला १८ आडवे धागे, म्हणजे १४४० फेऱ्या. एका फेरीला २३ इंच नाही लागत, तो धागाही नागमोडी जातो म्हणून २५ इंच, म्हणजे ०.६४ मीटर. झाले सुमारे ९२१ मीटर. दोन्ही मिळून २३१३, वर १० टक्के गाठींचे, चुकांचे आणि नमुन्याचे, २५४४ मीटर, भागिले ६.७७, ३७६ ग्रॅम.

आता रंग आत घाला. समजा ताण्यात ३०० धागे गडद निळे, १२० पांढरे आणि ४४ मोहरीसारखे पिवळे. प्रत्येकाला ३ ने गुणा: ९०० मीटर, ३६० मीटर, १३२ मीटर. ग्रॅममध्ये निळा १३३, पांढरा ५३, पिवळा जेमतेम २०. ज्या रंगासाठी आपण अख्खा स्टोल करायला घेतो तो २० ग्रॅमचा असतो आणि ज्याकडे कोणी बघत नाही तो निळा सगळ्यात जास्त लागतो, त्यात बाणाही निळा असेल तर आणखी १३६ ग्रॅम. लोक नेमके उलटं करतात, आवडत्या रंगाचा मोठा कोन आणि पार्श्वभूमीचा रंग मोजूनमापून. मी एकदा असंच केलं आणि शेवटचे ११ धागे असताना निळा संपला, नंतर त्याच नावाचा त्याच नंबरचा निळा आणला पण डाय लॉट, म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेला गठ्ठा, वेगळा. दिव्याखाली दोन्ही सारखे दिसले, दिवसा कडेला एक फिकट रेघ, आजही आहे. एकाच डाय लॉटमधून एकदमच घ्यावं, राहिलंच तर दुसऱ्या लॉटचं सूत बाण्यात एक आड एक फेरी मिसळून लपवता येतं. ताण्यात कडेला एकगठ्ठा लावलं तर लपत नाही.

रंग शेजारी आले की

कोनवरचा रंग आणि कापडातला रंग एक नसतो. साध्या विणीत लाल ताण्यावर हिरवा बाणा गेला तर जवळून लाल-हिरवे ठिपके दिसतात, दोन पावलं मागे गेलं की ते डोळ्यात मिसळून मातकट तपकिरी होतात. तेच लाल आणि जांभळा घेतला तर कापड हलेल तसं झळकतं, त्याला आपण धूपछाव म्हणतो. पांढरा बाणा सगळ्या पट्ट्यांना दुधाळ करतो, काळा किंवा गडद बाणा त्याच पट्ट्यांना खोल करतो, आणि हे दोन्ही एकाच ताण्यावर करून बघता येतं, नमुन्याचे १२ इंच जास्त धरायचे ते याचसाठी. चौकड्यात रंग पटापट वाढतात, उभे-आडवे तेच ३ रंग असतील तर ३ शुद्ध आणि ३ मिश्र अशा ६ छटा दिसतात, ६ रंगांच्या टार्टनमध्ये (स्कॉटिश चौकड्यात) २१. म्हणून कागदावर ६ रंग सुंदर दिसले तरी चौकड्यात गोंधळ होऊ शकतो, ३-४ वर थांबलेलं बरं.

शेजारचा रंग रंगाला बदलतो हे शास्त्रात आलं तेही सुतामुळेच. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात १८२४ पासून रंगाई विभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्हरल यांच्याकडे काळा रंग फिका पडतो अशा तक्रारी आल्या. त्यांनी काळं सूत तपासलं तर रंगाईत खोट नव्हती, शेजारी निळं-जांभळं सूत आल्यामुळे काळा मेलेला दिसत होता. त्यांचा रंगविरोधाचा नियम १८३९ साली प्रसिद्ध झाला.

छटेपेक्षा गडद-फिकट जास्त महत्त्वाचं, आणि हे डोळ्याला पटकन कळत नाही कारण रंग मधे येतो. कोन ओळीत ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. लाल आणि हिरवा एकाच राखाडीचे निघाले तर त्यांची नक्षी लांबून दिसणारच नाही. लॉग केबिन नावाची वीण यावरच उभी आहे, साधीच वीण, पण ताण्यात एक गडद एक फिकट, बाण्यातही तसंच, आणि चौकोन बदलायचा तिथे एकाच रंगाचे दोन धागे शेजारी ठेवायचे. मग एका चौकोनात उभ्या रेघा दिसतात, शेजारच्यात आडव्या, माग काही वेगळं करतच नाही. दोन्ही रंग सारखे गडद घेतले तर हाती सपाट कापड येतं.

पट्ट्या ठरवायला पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सूत गुंडाळून बघतात. खिडकीपाशी धरायचं, डोळे बारीक करायचे, मग कळतं की पिवळे ८ फार झाले, ४ पुरेत. काही जण १, १, २, ३, ५, ८ अशी फिबोनाचीची रुंदी घेतात, ती सहसा फसत नाही, जरा ओळखीची झालीये इतकंच. पुठ्ठ्याचं एक लक्षात ठेवायचं, तो फक्त ताणा दाखवतो, बाणा ओलांडल्यावर काय होतं ते नाही दाखवत.

ताणा काढताना

खुंट्यांच्या चौकटीवर धागा जाऊन परत येतो, म्हणजे एका फेरीत दोन धागे होतात. म्हणून पट्ट्या सम आकड्यात आखाव्यात, रंग बदलायची गाठ मग नेहमी सुरुवातीच्या खुंटीवरच येते, मधे कधीच नाही, आणि मधली गाठ फणीत अडकून तुटतेच. एका टोकाला इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फुली घालत जायचं (आपला ८ इथे कामाचा नाही), त्या फुलीमुळे धाग्यांचा क्रम टिकतो. ती सुटली तर पट्ट्यांचा हिशोब कितीही बरोबर असो, कुठला धागा कुणानंतर ते कळायला मार्ग उरत नाही. दर ५० धाग्यांना वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवावा, ४६४ पर्यंत तोंडाने मोजत बसलं की मधे कोणीतरी हाक मारतंच.

स्टोल कापून काढल्यावर मागे उरलेलं सूत लगेच फेकू नये. त्यातली एक बट घेऊन टेपने मोजायची आणि पुढे बांधायला गेलेलं त्यात मिळवायचं, हा तुमच्या मागाचा खरा वाया जाणारा आकडा, ३० धरला होता आणि २२ निघाला तर पुढच्या ताण्यात प्रत्येक धाग्यामागे ८ इंच वाचले, ४६४ धाग्यांवर ते ९४ मीटर होतात. आकडा त्याच पुठ्ठ्यावर मागे लिहून ठेवायचा जिथे पट्ट्या गुंडाळल्या होत्या, धुण्याआधीची आणि नंतरची लांबी-रुंदी पण तिथेच.