शिडाच्या नौकेची महासागरी सफरीपूर्वीची तयारी

महासागर ओलांडायला निघालेल्या शिडाच्या नौकेला, तिच्यावरच्या सामानाला आणि माणसांना किनाऱ्याच्या मदतीवाचून आठवडेच्या आठवडे निभावता येईल अशा स्थितीत आणणे, म्हणजे ही तयारी. किनाऱ्यालगत काही मोडले तर बंदर गाठता येते. महासागरात मोडलेली वस्तू तिथेच, डोलणाऱ्या नौकेवर, हाताशी असलेल्या हत्यारांनी दुरुस्त करावी लागते. न्यूझीलंड आणि दक्षिण अमेरिका यांच्यामधला पॉइंट निमो हा बिंदू सर्वांत जवळच्या जमिनीपासून सुमारे २,६८८ किमी. दूर आहे. भारतीय नौदलाची ‘तारिणी’ जानेवारी २०२५ मध्ये या टापूतून गेली, तेव्हा तिच्यावर दोनच अधिकारी होत्या : दिलना के. आणि रूपा ए.

भारतात या तयारीची शिस्त घडली ती ‘सागर परिक्रमा’ या मोहिमेतून. भारतीयाने भारतात बांधलेल्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना निवृत्त व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांची. ती पार पाडण्याची जबाबदारी नौदल अधिकारी दिलीप दोंदे यांनी २००६ मध्ये उचलली. गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात लाकडी पट्ट्यांच्या गाभ्यावर काचतंतू आणि इपॉक्सी ही घट्ट चिकटणारी राळ चढवून ५६ फुटी ‘म्हादेई’ बांधली गेली आणि फेब्रुवारी २००९ मध्ये ती नौदलात दाखल झाली. नाव मांडवी नदीचे, तिच्या वरच्या अंगाला लोक म्हणतात ते. बांधणीच्या काळात दोंदे स्वतः कामात गुंतलेले होते, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांच्या तयारीचा सर्वांत मोलाचा भाग तोच. कोणती तार भिंतीमागून कुठे जाते, कोणता बोल्ट कुठून घट्ट करायचा, हे ज्याने काम चालू असताना पाहिले आहे त्याला अंधारातही हात कुठे घालायचा ते कळते. दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले आणि वाटेत चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने प्रदक्षिणा पूर्ण केली.

निघण्याची तारीख पंचांगापेक्षा ऋतू ठरवतो, आणि ती उलटी मोजत आणावी लागते. पृथ्वीप्रदक्षिणेत दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाच्या केप हॉर्नला वळसा घालायचा तो दक्षिण गोलार्धातल्या उन्हाळ्यात, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात. म्हणून भारतातून निघणाऱ्या नौका ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या दरम्यान शिडे हाकारतात. तारीख चुकली तर हॉर्नला हिवाळ्याच्या तोंडावर पोचावे लागते, आणि ही चूक वाटेत भरून काढता येत नाही.

नौका पाण्याबाहेर काढून तळ खरवडतात आणि शेवाळ-शिंपल्यांना रोखणारा रंग देतात. तळ घाण झाला की वेग उतरतो आणि तेवढे दिवस अन्नपाणी जास्त लागते. जस्ताचे तुकडे बदलतात, कारण खाऱ्या पाण्यात इतर धातूंऐवजी झिजायचे काम त्यांचे असते. नौकेच्या अंगाला पाणी आत घेण्यासाठी किंवा बाहेर सोडण्यासाठी जितकी भोके असतात, त्या प्रत्येकाच्या झडपेशेजारी मऊ लाकडाची निमुळती खुंटी दोरीने बांधून ठेवतात. झडप तुटली तर ती खुंटी ठोकून पाणी थांबवायचे. खुंट्या एका डब्यात जमा करून ठेवणे म्हणजे त्या नसल्यासारखेच, कारण गुडघाभर पाण्यात डबा शोधायला वेळ कुणाला?

डोलकाठीची तपासणी पायथ्यापासून टोकापर्यंत, दोराला टांगलेल्या खुर्चीत बसून करतात. डोलकाठीला ताणून धरणाऱ्या तारांचा धोका मध्यावर कमी आणि टोकाच्या जोडाशी जास्त असतो. तिथे एखादा धागा तुटून बाहेर आलेला दिसला की पूर्ण तार बदलतात. जोडातल्या खिळीला अडकवलेली करंगळीएवढी पिन निसटली, तर आख्खी डोलकाठी कोसळू शकते. म्हणून अशा प्रत्येक पिनेची टोके वाकवून त्यांवर चिकटपट्टी गुंडाळतात, म्हणजे शीड अडकून फाटतही नाही. महासागरात वारा दिवसच्या दिवस एकाच कुशीवर राहतो आणि दोर एकाच जागी घासत राहतो. त्यावर उपाय साधा आहे : रोज दोर वीतभर सैल किंवा घट्ट करून घासण्याची जागा बदलायची. मोठ्या शिडाला तीन टप्प्यांत आखडण्याची सोय, वादळासाठी जाड कापडाची लहान शिडे, आणि शिवायला सुया, मेणवलेला दोरा व तळहाताचे चामडी कवच, हे सर्व बरोबर लागते.

सुकाणूवर सतत माणूस बसवणे थोड्या खलाशांना शक्य नसते. वाऱ्याच्या दिशेने चालणारे स्वयंसुकाणू वीज न खाता नौका मार्गावर ठेवते, आणि विजेवर चालणारे यंत्र त्याच्या जोडीला असते. तरीही मुख्य सुकाणू बिघडले तर लावायचा आणीबाणीचा दांडा निघण्याआधी खरोखर बसवून, त्यावर नौका चालवून पाहावी लागते. २०१७-१८ च्या पहिल्या नाविका सागर परिक्रमेत, म्हणजे नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’तून केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेत, वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखालच्या सहा जणींना परतीच्या वाटेवर सुकाणूतल्या बिघाडामुळे मॉरिशसचे पोर्ट लुई बंदर गाठावे लागले.

पाण्याचा हिशेब मात्र कागदावर मांडतात. माणशी रोज चार लिटर धरले तर सहा जणांना ४५ दिवसांसाठी १,०८० लिटर लागतात. खारे पाणी गोडे करणारे यंत्र असले, तरी त्याच्या भरवशावर टाक्या रिकाम्या ठेवून निघत नाहीत, आणि पाणी एकाच टाकीत भरत नाहीत. एक टाकी नासली तर दुसरी शाबूत राहावी. धान्य-डाळी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून काढूनच नौकेवर चढवतात, कारण खोक्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी असतात. डब्यांवरचे कागद सोलून आत काय आहे ते पक्क्या शाईने लिहितात. ओला कागद सुटून तळाशी गेला की पाणी उपसणारा पंप तुंबतो. ताजी भाजी साधारण दोन आठवड्यांत संपते. मग कांदे, बटाटे, लिंबे आणि लोणच्याच्या बरण्या आधाराला येतात. ओल्या फडक्यात बांधलेल्या मुगा-मटकीला भर समुद्रातही मोड येतात, आणि महिनाभर पाकिटातले जेवण जेवलेल्या माणसाला त्या वाटीभर उसळीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

नाविकांची तयारी नौकेहून जास्त वेळ घेते. तारिणीच्या पहिल्या चमूने परिक्रमेपूर्वी म्हादेईवरून मॉरिशस आणि केपटाउनपर्यंत सफरी केल्या होत्या. तीन-चार तासांच्या पाळ्या लावून झोपायची सवय शरीराला आधी लावावी लागते. अपुऱ्या झोपेत घेतलेला निर्णय वादळाइतकाच घातक ठरतो. दात तपासून घेतात. टाके घालणे आणि सलाइन लावणे शिकतात, कारण डॉक्टर उपग्रह दूरध्वनीवर फक्त सांगू शकतो. रात्री डेकवर येणाऱ्याने कमरपट्ट्याचा हूक आतूनच, जिन्यावर असताना, जीवरक्षक दोराला अडकवायचा, हा नियम शांत समुद्रातही मोडत नाहीत. पाण्यात पडलेला माणूस परत उचलण्याचा सराव दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा करतात. उपग्रहाला संकटाचा इशारा देणारे यंत्र, जीवरक्षक तराफा आणि तराफ्यात उतरताना उचलायची पिशवी कुठे आहे, हे प्रत्येकाला डोळे मिटून सापडले पाहिजे.

शेवटी चाचणीची सफर. दोंदे निघण्याआधी म्हादेई घेऊन सोबत्यांसह मॉरिशसला गेले आणि तिथून गोव्यापर्यंत एकटेच परतले. अशा सफरीत गळणारी खिडकी सापडते, चुकीच्या जागी ठेवलेला पाना सापडतो, बिछान्याशी खडखडणारे भांडे सापडते. परतल्यावर कामांची यादी निघण्यापूर्वीच्या यादीपेक्षा लांब असते, आणि ती संपेपर्यंत नौका धक्क्याला बांधलेली राहते.