‘आम्हाला तर डिसेंबरातच होऊन गेला’

२०२० च्या टाळेबंदीत घरोघरी एक वाक्य हमखास ऐकू यायचं. नोव्हेंबर-डिसेंबरात पंधरा दिवस न हटलेला कोरडा खोकला आठवायचा आणि कुणीतरी म्हणायचं, “तो कोरोनाच होता हो. तेव्हा नाव माहीत नव्हतं एवढंच.” हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. कोणत्याही नव्या विषाणूची अधिकृत तारीख ही तो आल्याची तारीख नसते, तो ओळखला गेल्याची असते. या दोन तारखांमध्ये अंतर असणारच. प्रश्न एवढाच की ते अंतर किती, आणि ते मोजायचं कशानं.

वुहानमध्ये कारण न कळलेल्या न्यूमोनियाचे रुग्ण आढळल्याची बातमी जगाला कळली ३१ डिसेंबर २०१९ रोजी. ज्यांच्या आजाराची सुरुवात बऱ्यापैकी खात्रीनं ठरवता आली, असे सर्वांत आधीचे रुग्ण साधारण १०-११ डिसेंबरचे. आणि विषाणूच्या जनुकक्रमावरून, म्हणजे त्याच्या जनुकीय अक्षरांच्या ओळीवरून, मागे मोजत गेलं तर माणसांतला प्रसार सुरू झाला तो ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीतरी. म्हणजे ‘आधीपासून फिरत होता का?’ याचं उत्तर ‘हो’ असंच आहे. वाद आहे तो काही आठवडे की बरेच महिने, यावर.

त्यासाठी प्रयोगशाळेत जाण्याआधी पाटी-पेन्सिल पुरते. समजा रुग्णसंख्या दर पाच दिवसांनी दुप्पट होते आहे. रोखणारं काहीच नसताना हा अंदाज फार जास्त नाही. एका माणसापासून सुरुवात केली तर ६० दिवसांत बारा वेळा दुप्पट होऊन संख्या ४,०९६ वर जाते. १०० दिवसांत वीस वेळा, म्हणजे दहा लाखांच्या वर. आता कुणी म्हणालं की विषाणू १ सप्टेंबरपासून वुहानमध्ये जोमानं पसरत होता, तर १० डिसेंबरपर्यंत त्या सव्वा कोटीच्या आतल्या शहरात दहा लाख लोक बाधित असायला हवेत. संसर्गापासून मृत्यूपर्यंत साधारण तीन आठवडे लागतात आणि दोनशेत एक दगावतो असं धरलं, तरी तोवर तीनेकशे मृत्यू झालेले असणार आणि अतिदक्षता विभाग भरून वाहत असणार. तसं काही घडलं नव्हतं.

या हिशेबात एक पळवाट आहे, आणि ती खरी आहे. सुरुवातीच्या साखळ्या बहुतेक वेळा आपोआप विझतात. या विषाणूचा बहुतांश प्रसार थोड्याच बाधितांकडून होतो. बरेचसे बाधित कुणालाच देत नाहीत. संगणकावर केलेल्या प्रतिरूपांत, प्राण्यांतून माणसात आलेल्या अशा विषाणूच्या दोन तृतीयांशाहून जास्त उड्या साथ न पेटवताच संपून गेल्या. त्यामुळे एखाद-दुसरा तुरळक रुग्ण बराच आधी होऊन गेला असणं शक्य आहे. शक्य नाही ते हे, की शेकडा दोन-चार लोकांना होऊन गेला आणि कुठे पुसटशीही खूण उरली नाही.

आता फ्रीझरकडे वळू. रुग्णालयांत फ्लूसाठी घेतलेले घशाचे, नाकाचे स्वॅब उणे ८० अंशांत जपून ठेवलेले असतात. ते बाहेर काढायचे आणि नव्या विषाणूसाठी पीसीआर करायची, म्हणजे विषाणूच्या जनुकीय तुकड्यांच्या प्रती वाढवून त्याचा माग काढणारी चाचणी. वुहानमध्ये नेमकं हेच झालं. ६ ऑक्टोबर २०१९ ते २१ जानेवारी २०२० या काळातले फ्लूसारख्या आजाराचे ६४० स्वॅब पुन्हा तपासले. नऊ पॉझिटिव्ह निघाले, आणि ते सगळे जानेवारीतले. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर कोरे. ६४० ही संख्या लहानच. हजारात एकाला असता तर निसटला असता. पण शेकड्यात दोघांना असता तर निसटणं कठीण.

पॅरिसजवळच्या बोबिन्यीतल्या रुग्णालयानं डिसेंबर-जानेवारीतल्या अतिदक्षता विभागातल्या १४ रुग्णांचे जुने नमुने तपासले. त्यात २७ डिसेंबर २०१९ चा एक पॉझिटिव्ह आला. फ्रान्सचे पहिले अधिकृत रुग्ण २४ जानेवारीचे, म्हणजे चार आठवडे आधी. रुग्णाची लक्षणं आणि फुप्फुसाचं चित्र दोन्ही जुळत होती. तारीखही वुहानच्या घटनाक्रमात बसते. म्हणून हा दावा पटण्यासारखा आहे, जरी या नमुन्याचा जनुकक्रम काढलेला नव्हता.

बार्सिलोनाची गोष्ट वेगळी. तिथल्या सांडपाण्याच्या जपून ठेवलेल्या नमुन्यांत १५ जानेवारी २०२० पासून विषाणूच्या खुणा सापडल्या. शहरातला पहिला रुग्ण २५ फेब्रुवारीचा, तेव्हा ४१ दिवस आधी. हे ठीक. पण त्याच संशोधकांना १२ मार्च २०१९ चा एक नमुनाही पॉझिटिव्ह आला, म्हणजे वुहानच्या नऊ महिने आधी! बातम्या याच्याच झाल्या. नीट पाहिलं तर विषाणूच्या अनेक तुकड्यांपैकी फक्त दोनच सापडले होते, आणि त्याच्या आधीचे-नंतरचे नमुने कित्येक महिने निगेटिव्ह होते. मार्चमध्ये अख्ख्या शहराच्या गटारात उतरण्याइतका विषाणू होता आणि मग दहा महिने गायब झाला, हे कसं मानायचं?

असं का होतं, हे पीसीआर कशी चालते त्यात आहे. प्रत्येक फेरीत नमुन्यातल्या तुकड्यांची संख्या दुप्पट होते. ४० फेऱ्यांनंतर एका इवल्याशा नळीत अब्जावधी प्रती तयार होतात. ती नळी कुणी उघडली की न दिसणारे तुषार उडतात आणि पिपेटवर, हातमोज्यावर, टेबलावर बसतात. पुढच्या नमुन्यात त्यातल्या चार-पाच प्रती गेल्या तरी यंत्र ‘पॉझिटिव्ह’ म्हणतं, पण उशिरा, ३८ व्या-३९ व्या फेरीला. विषाणू दहापट कमी असेल तर सुमारे ३.३ फेऱ्या जास्त लागतात, त्यामुळे एवढ्या उशिरा आलेला होकार म्हणजे नळीत मूठभर तुकडे होते एवढंच कळतं. ते कुठून आले ते नाही. नेस्टेड पीसीआर नावाचा प्रकार आणखी संवेदनशील. त्यात पहिल्या टप्प्याचा माल काढून दुसऱ्या नळीत घालतात, म्हणजे प्रतींनी गच्च भरलेली नळी मधेच उघडावीच लागते. जुन्या, विरळ नमुन्यांसाठी लोक नेमका हाच प्रकार वापरतात. शिवाय २०२० मध्ये त्याच खोल्यांत रोज कोरोनाचे शेकडो नमुने तपासले जात होते.

उपाय ठाऊक आहेत. कच्चा नमुना, मिश्रण आणि तयार माल यांच्या खोल्या वेगळ्या. कामाची दिशा एकच, तयार मालाच्या खोलीतून मागे यायचं नाही. प्रत्येक खेपेत नुसतं पाणी घातलेल्या कोऱ्या नळ्या. विषाणूच्या किमान दोन-तीन वेगळ्या भागांवर तपासणी. नमुन्याचा दुसरा, न उघडलेला भाग दुसऱ्या गावच्या प्रयोगशाळेकडे, तारीख झाकून. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सापडलेल्या तुकड्याचा जनुकक्रम काढणं. तो का, हे पुढे येतं.

रक्तातली प्रतिपिंडं (संसर्गानंतर शरीर बनवतं ती अँटिबॉडी) शोधणं ही दुसरी वाट, आणि तिथले खड्डे जास्त फसवे. समजा चाचणी ९९.५ टक्के अचूकपणे निगेटिव्हला निगेटिव्ह म्हणते. चांगलीच म्हणायची. पण एकालाही संसर्ग नसलेले १,००० नमुने तिला दिले तर पाच पॉझिटिव्ह येणारच. महामारीच्या आधीच्या काळात खरे बाधित शून्याच्या आसपास असल्यामुळे जवळजवळ सगळे पॉझिटिव्ह खोटे ठरतात. त्यात सर्दी-पडसं देणारे चार जुने कोरोना विषाणू आपल्यात दर हिवाळ्यात फिरत असतातच. त्यांची प्रतिपिंडं या चाचणीला कधी कधी चकवतात.

अमेरिकेत रेडक्रॉसच्या रक्तदात्यांचे १३ डिसेंबर २०१९ ते १७ जानेवारी २०२० या काळातले ७,३८९ नमुने तपासले, त्यात १०६ पॉझिटिव्ह आले. त्यांतले ३९ तर १३ ते १६ डिसेंबरचे, कॅलिफोर्निया, ओरेगॉन, वॉशिंग्टन राज्यांतले, १,९१२ नमुन्यांपैकी. हे दोन टक्के झाले. प्रतिपिंडं दिसायला दोनेक आठवडे लागतात, म्हणजे नोव्हेंबरअखेर या तीन राज्यांत दहा लाख लोकांना संसर्ग होऊन गेलेला हवा, जेव्हा खुद्द वुहानमध्ये साथीची जेमतेम सुरुवात होती. आणखी कसून तपासता आलेल्या ९० नमुन्यांपैकी विषाणूच्या बाहेरच्या काटेरी प्रथिनाच्या (स्पाइक) एस-१ भागाला चिकटणारी प्रतिपिंडं फक्त एकात सापडली. संशोधकांनी स्वतःही जुन्या कोरोना विषाणूंचा घोळ असू शकतो हे मान्य केलं होतं. मथळ्यांनी ते गाळलं.

याच्या शेजारी दुसरा अभ्यास ठेवा. अमेरिकेतल्याच एका मोठ्या आरोग्य प्रकल्पात २ जानेवारी ते १८ मार्च २०२० चे २४,०७९ नमुने होते. इथे एक चाचणी विषाणूच्या आतल्या प्रथिनासाठी आणि दुसरी बाहेरच्या काटेरी प्रथिनासाठी लावली, आणि दोन्हींत आला तरच पॉझिटिव्ह धरला. दोन्ही चाचण्या वेगवेगळ्या कारणांनी चुकतात असं मानलं तर दोनशेत एक गुणिले दोनशेत एक, म्हणजे चाळीस हजारांत एक चूक. चोवीस हजारांत एखादीच. सापडले नऊ, सर्वांत आधीचा ७ जानेवारीचा इलिनॉयमधला. त्या राज्याचा पहिला अधिकृत रुग्ण २४ जानेवारीचा. इथेही अंतर निघालं ते काही आठवड्यांचं.

इटलीत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी आलेल्या ९५९ जणांपैकी १११ जणांत प्रतिपिंडं सापडल्याचा दावा झाला, काहींत तर सप्टेंबर २०१९ पासून. त्यांतले निवडक नमुने रॉटरडॅमच्या प्रयोगशाळेत कडक निकष लावून तपासले, तेव्हा महामारीआधीचा एकही त्या निकषांत बसला नाही. अशा अभ्यासात मला सर्वांत आधी शोधावीशी वाटते ती एक साधी गोष्ट: २०१७ किंवा २०१८ च्या हिवाळ्यातले, तसेच साठवलेले नमुने सोबत तपासले का? तिथेही तेवढेच टक्के आले तर प्रश्नच मिटला. वुहानच्या रक्तपेढीत सप्टेंबर ते डिसेंबर २०१९ मधल्या ३२,४८४ दात्यांच्या ४३,८५० नमुन्यांत पक्का पॉझिटिव्ह एकही मिळाला नाही. अर्थात आजारी माणूस रक्त द्यायला जात नाही, हा या पुराव्याचा लंगडेपणा लक्षात ठेवायचा.

तिसरी वाट म्हणजे खुद्द विषाणूचं घड्याळ. सार्स-कोव्ह-२ चा, म्हणजे कोरोनाच्या याच विषाणूचा, आरएनए (जनुकीय मजकूर) सुमारे २९,९०० अक्षरांचा. नक्कल होताना त्यात चुका होतात, आणि टिकून राहणाऱ्या चुकांचा वेग महिन्याला साधारण दोन. वुहानमधल्या सुरुवातीच्या नमुन्यांत ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन शाखा दिसतात. दोघींत फरक अवघ्या दोन अक्षरांचा. विषाणू सहा महिने माणसांत पसरत असता तर डिसेंबरअखेरच्या रुग्णांमधले विषाणू एकमेकांपासून डझनावारी अक्षरांनी वेगळे असते. ते जवळजवळ जुळ्या भावंडांसारखे निघाले. घड्याळ सांगतं ते मात्र हयात शाखांच्या सामाईक पूर्वजाचं वय. त्याआधी विझून गेलेल्या साखळ्या त्यात दिसत नाहीत. म्हणून प्रत्यक्ष सुरुवात त्याहून काही आठवडे मागे धरतात.

हेच घड्याळ खोटेपणाही पकडतं. एचआयव्हीचं उदाहरण याहून बोलकं मिळणार नाही. एड्सची पहिली अधिकृत नोंद जून १९८१ ची. १९९० मध्ये बातमी आली की १९५९ मध्ये मँचेस्टरला वारलेल्या एका माणसाच्या जपलेल्या ऊतींत एचआयव्ही सापडला. पाच वर्षांनी त्याचा जनुकक्रम तपासला गेला आणि तो चक्क ऐंशीच्या दशकानंतरच्या विषाणूंसारखा निघाला. तीस वर्षं जुना विषाणू इतका आधुनिक कसा असेल? प्रयोगशाळेतली भेसळ होती ती. उलट त्याच १९५९ सालचा किन्शासामधला एक रक्तनमुना तपासला, तर त्यातला विषाणू वंशवृक्षाच्या बुंध्याजवळ, बरोबर वयाला शोभेल तिथे बसला. त्यावरून आणि १९६० च्या आणखी एका नमुन्यावरून मोजत गेल्यावर माणसांतल्या त्या एचआयव्ही गटाची सुरुवात १८८४ ते १९२४ दरम्यान निघते. हा विषाणू साठ-सत्तर वर्षं दडून राहू शकला, कारण संसर्गापासून आजारापर्यंत त्याला दहा वर्षं लागतात. दोन आठवड्यांत माणसाला ऑक्सिजनवर नेणाऱ्या विषाणूला ती सवलत नाही.

आता आपल्याकडचं. भारतातला पहिला रुग्ण ३० जानेवारी २०२० रोजी केरळात, वुहानहून परतलेल्या विद्यार्थिनीचा. महाराष्ट्रातले पहिले ९ मार्चला पुण्यात, दुबईहून आलेले. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) श्वसनाच्या तीव्र आजारानं दाखल झालेल्यांचे नमुने तपासले. १५ फेब्रुवारी ते २ एप्रिल या काळातल्या ५,९११ पैकी १०४ पॉझिटिव्ह निघाले, त्यांतले ४० जण ना परदेशी गेलेले, ना कुण्या ज्ञात रुग्णाला भेटलेले. म्हणजे अधिकृत आकड्यांच्या आड स्थानिक प्रसार चालू होताच. पण त्यातलेच आधी साठवून नंतर तपासलेले ९६५ नमुने पाहा: फक्त दोन पॉझिटिव्ह. मे-जूनच्या पहिल्या राष्ट्रीय सेरो सर्वेक्षणात (रक्तातल्या प्रतिपिंडांच्या पाहणीत), ज्यात बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर, जळगाव हे आपले सहा जिल्हे होते, देशभरात प्रौढांमधलं प्रमाण ०.७३ टक्के आलं. आणि मुंबईत मार्चमध्ये पहिले रुग्ण सापडल्यानंतर, टाळेबंदी असतानाही, जुलैच्या पूर्वार्धात तीन वॉर्डांतल्या झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांत प्रतिपिंडं होती. चार महिन्यांत एवढी मजल मारणारा विषाणू डिसेंबरात, गर्दीच्या लोकलमध्ये, कुणी मास्क लावत नसताना इथे पसरत असता तर फेब्रुवारीतच रुग्णालयांत खाटा मिळाल्या नसत्या.

मग तो पंधरा दिवसांचा खोकला? फ्लू, आरएसव्ही, ऱ्हायनोव्हायरस, जुने कोरोना, हिवाळ्यात उमेदवार पुष्कळ असतात, आणि विषाणू गेल्यावरही खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतोच. पुढे कधीतरी प्रतिपिंडांची चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून डिसेंबर सिद्ध होत नाही, कारण प्रतिपिंडांवर तारखेचा शिक्का नसतो. आज तर लस आणि नंतरचे संसर्ग यांनी तीही पाटी पुसून टाकली आहे. त्या आठवड्यात घेतलेला, तारीख लिहिलेला स्वॅब किंवा सीरम (रक्तातला द्रव) एखाद्या फ्रीझरमध्ये पडून असेल, तरच त्या खोकल्याचं नाव कळू शकेल.