अख्खं जजमेंट पिवळं केलं, आता पुढे काय?

लॉच्या पहिल्या वर्षाला असताना मी टॅबवर केशवानंद भारतीचं जजमेंट उघडलं, घटनेची मूळ चौकट संसदेला बदलता येत नाही असं सांगणारा सुप्रीम कोर्टाचा तो निकाल. २४ एप्रिल १९७३ चा निकाल, १३ न्यायाधीश, ७ विरुद्ध ६, त्यात वेगवेगळी ११ मतं आणि छापील पानं सातशेच्या आसपास. मी बीएस्सी करून लॉला आलेली, मला वाटलं वाचू की, त्यात काय एवढं. पिवळा रंग सिलेक्ट केला आणि सुरू झाले. तिसऱ्या दिवशी रूममेट मागून डोकावली आणि म्हणाली, "अगं, जे पांढरं ठेवलंयस ते महत्त्वाचं आहे का?"

व्हायवात म्हणजे तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, निर्णायक मत कोणाचं धरतात? मला स्क्रीन आठवली, पानाच्या डाव्या बाजूला खाली कुठेतरी होतं हे आठवलं, रंग तर आठवलाच, पण न्यायमूर्ती एच. आर. खन्ना हे नाव काही तोंडातून बाहेर आलं नाही.

हे माझंच होतं असं नाही. जो जो लॉ करतो त्याच्या टॅबमध्ये अशी पिवळी धमक पीडीएफ सापडतेच. आणि यावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम करून ठेवलंय. २०१३ मध्ये जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या १० पद्धती घेऊन आधीचं सगळं संशोधन चाळलं आणि प्रत्येकीला ग्रेड दिली. सगळ्यात वरची ग्रेड दोघींनाच मिळाली, स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास थोडा थोडा करून लांबवर पसरवणं. खालच्या ग्रेडमध्ये पाच पद्धती, आणि त्यात अधोरेखन म्हणजे आपलं हायलाइटिंग आणि पुन्हा पुन्हा वाचणं, दोन्ही. म्हणजे आपण सगळे जे करतो तेच.

असं का होतं? ओळखणं आणि आठवणं ही डोक्याची दोन वेगळी कामं आहेत. पिवळं वाक्य दुसऱ्यांदा दिसलं की डोकं म्हणतं "हो हो, हे माहितीये", आणि ती ओळख आपण ज्ञान समजून बसतो. सोसायटीतल्या एखाद्या काकांना रोज नमस्कार करतो पण आडनाव विचारलं तर बोंब, तसं. परीक्षेत मात्र वाक्य समोर नसतं, ते आतून ओढून काढावं लागतं. रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांना छोटे उतारे वाचायला दिले, काहींना तोच उतारा परत वाचायला लावला, काहींना न बघता आठवेल तेवढं लिहून काढायला लावलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर चित्र उलटं, परत वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचून "झालं माझं" असं वाटतं ना, ते त्या पाच मिनिटांच्या चाचणीतलं वाटणं आहे.

तरी हायलाइटिंग अगदीच फुकट जातं असं नाही. १९७४ च्या फाउलर आणि बार्कर यांच्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सुमारे ८००० शब्दांचे लेख दिले होते (एका लेखाचा विषय होता कंटाळा, हा विनोद मी करत नाहीये) आणि आठवड्याने परीक्षा घेतली. एकूण मार्कांत खुणा करणारे आणि न करणारे यांच्यात फरक पडला नाही. पण ज्या ओळींना त्यांनी स्वतः खूण केली होती त्या त्यांना जास्त आठवल्या, आणि जितका जास्त रंग तितके मार्क कमी असाही कल दिसला. मला हे पटतं, कारण कमी रंगवायचं म्हणजे प्रत्येक ओळीला ठरवावं लागतं की हिला सोडू की धरू, आणि हे ठरवणं हाच खरा अभ्यास. त्यात १९३३ ची मानसशास्त्रज्ञ हेडविग फॉन रेस्टॉर्फची गोष्टही धरा, तिने दाखवलं होतं की एकसारख्या गोष्टींमध्ये एखादीच वेगळी असली की ती लक्षात राहते. सगळंच पिवळं केलं की वेगळी कोण राहिली मग?

आता टूल्सकडे येते, कारण खरी गंमत तिथे आहे आणि ती रंगाची नाहीच. पीडीएफमध्ये आपण ओळ रंगवतो तेव्हा मूळ पानाला काही होत नाही. ॲप त्या ओळीभोवतीच्या चौकोनाचे चार कोपरे, रंग, वेळ आणि तुम्ही लिहिलेली टीप अशी एक वेगळी नोंद फाइलमध्ये किंवा स्वतःकडे ठेवतं, आणि पान दाखवताना ती वरून टाकतं, रेशनकार्डावर ट्रेसिंग पेपर ठेवावा तसं. वेबपेजवर खुणा करणारी टूल्स अजून एक पाऊल पुढे जातात, ती रंगवलेला मजकूर आणि त्याच्या मागचे-पुढचे थोडे शब्दही लक्षात ठेवतात, म्हणजे पानावर वरती काही वाढलं आणि मजकूर खाली सरकला तरी खूण बरोबर तिथे जाऊन चिकटते. यासाठी २०१७ पासून एक जागतिक मानकसुद्धा आहे.

याचा उपयोग काय, तर खूण पानापासून वेगळी आहे म्हणून ती पानाबाहेर काढता येते! वहीतलं अधोरेखन वहीतच मरतं. झोटेरोसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मात्र एका क्लिकवर सगळ्या खुणा आणि टिपा पान नंबरासकट एका नोटमध्ये येतात, सातशे पानांची चार पानं होतात. बहुतेक जण इथेच खूश होऊन थांबतात. मीही थांबायचे. पण ती चार पानं परत वाचली तर ते परत वाचणंच झालं, फक्त छोटं. पुढची पायरी म्हणजे प्रत्येक खुणेचा प्रश्न करायचा. "संसदेला कलम ३६८ खाली घटनादुरुस्तीचा अधिकार आहे, पण मूळ चौकट बदलता येत नाही" ही ओळ नुसती ठेवायची नाही, "३६८ ला मर्यादा कोणती आणि ती कुठल्या केसमध्ये आली?" असा प्रश्न पुढे आणि उत्तर मागे, आणि हे कार्ड आंकीसारख्या ॲपमध्ये टाकायचं. ते ॲप आज विचारतं, मग काही दिवसांनी, येत असेल तर अजून लांब, चुकलात तर लगेच. डनलॉस्कीच्या यादीतल्या वरच्या दोन्ही पद्धती त्यात आपोआप होतात.

माझा एक सीनियर दादा होता, तो मार्जिनमध्ये टिपा लिहायचा त्या सगळ्या भांडणाच्या. "असं का? मग गोलकनाथचं काय?" "हा रेशो की नुसता ऑबिटर?" (गोलकनाथ हा केशवानंदच्या आधीचा खटला, रेशो म्हणजे निकाल ज्या तत्त्वावर उभा असतो ते, आणि ऑबिटर म्हणजे कोर्ट जाता जाता जे बोलतं ते.) तेव्हा वाटायचं काय विचित्र माणूस आहे. नंतर हिंदू लॉ शिकताना ट्यूब पेटली. विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारात मिताक्षरा लिहिली, ती याज्ञवल्क्यस्मृतीवरची टीका म्हणजे भाष्यच आहे, मजकुरावरच्या टिपा, शुद्ध ॲनोटेशन. आणि आपल्या जुन्या टीकाकारांची पद्धतच ती, आधी पूर्वपक्ष मांडायचा, कोणी आडवा येऊन काय म्हणेल ते, आणि मग त्याला उत्तर द्यायचं. हजारेक वर्षांपूर्वीच्या त्या टीकेचं नाव आपण अजून कोपार्सनरी, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतला जन्मसिद्ध वाटा, शिकताना घेतो. दादाच्या टिपा त्याच वळणाच्या होत्या. "हे असं का" असं स्वतःला विचारत वाचण्याला डनलॉस्कीने मधली ग्रेड दिली आहे, रंग फासण्यापेक्षा नक्कीच वरची.

रंगांचं म्हणाल तर नेटवर लोक बारा-बारा रंगांचे चार्ट टाकतात, बघायला फार सुंदर. पण आपल्या चालू स्मृतीत एका वेळी साधारण चारच गोष्टी मावतात, मानसशास्त्रज्ञ नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये हा आकडा मांडला, आणि जजमेंट वाचताना त्या चार जागा आधीच अपीलकर्ता, प्रतिवादी, हायकोर्टाने काय म्हटलं आणि कुठलं कलम यांनी भरलेल्या असतात. त्यात मोरपिशी रंग कशासाठी होता हे कुठे आठवत बसायचं. मी चार ठेवले, फॅक्ट्सला राखाडी, मुद्द्याला निळा, रेशोला पिवळा, आणि माझं डोकं जिथे अडकलं तिथे लाल. लाल सगळ्यात उपयोगी. शिवाय रंगावरून गाळणी लावता येते, परीक्षेच्या आठवड्यात फक्त पिवळं आणि लाल बाहेर काढायचं.

पहिल्या वाचनाला रंग लावू नका हेही सांगून ठेवते. पहिल्यांदा वाचताना सगळंच महत्त्वाचं वाटतं, त्यात आपली जजमेंटं अशी की वकिलाचा युक्तिवाद वीस पानं चालतो, आपण मन लावून रंगवतो आणि एकविसाव्या पानावर कोर्ट म्हणतं आम्हाला हे मान्य नाही.

आणि सीनियरची रंगवलेली पीडीएफ ग्रुपवर आली की सगळे तुटून पडतात, तिच्याबद्दल जरा जपून. १९९७ मध्ये सिल्व्हर्स आणि क्रायनर यांनी विद्यार्थ्यांना आधीच चुकीच्या ठिकाणी हायलाइट केलेला मजकूर दिला, त्यांचं आकलन घसरलं, आणि दुसऱ्या वेळी खुणा चुकीच्या आहेत असं आधी सांगूनसुद्धा घसरलंच! डोळा रंगाकडे जातोच, त्याला सांगून उपयोग नसतो. त्या दादाच्या पीडीएफमधून मी खुणा लपवून आधी कोरी प्रत वाचायचे आणि मग खुणा चालू करून जुळवायचे, डिजिटलमध्ये हे एका बटणावर होतं. कागदावर कसं करणार?

पण कागदाची बाजूही घ्यायला हवी. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्र आढावा आला, भाग घेणारे एकूण १ लाख ७० हजारांवर, आणि त्यात माहितीपर मजकूर कागदावर जास्त समजतो असं दिसलं, वेळेची घाई असली की फरक अजून वाढतो. स्क्रीनवर आपण सरकवत सुटतो हे एक कारण असावं असं मला वाटतं. निदान स्क्रोल बंद करून एकेक पान दिसेल असं सेटिंग ठेवा, कारण अमुक गोष्ट पानावर साधारण कुठे होती हे डोकं न सांगता टिपून ठेवतं, १९७१ मध्ये अर्न्स्ट रॉथकॉफ यांनी ते दाखवलंय. माझं "डाव्या बाजूला खाली" तेच होतं. मी अजूनही अवघड जजमेंटचा रेशोचा भाग प्रिंट काढून वाचते आणि खुणा नंतर टॅबवर करते, झेरॉक्सवाल्याला हे माहितीये.

मराठी माध्यमातून लॉ करणाऱ्यांना एक वेगळाच वैताग आहे. जुन्या मराठी पीडीएफ युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत, स्क्रीनवर छान देवनागरी दिसते पण ओळ कॉपी केली की भलतीच इंग्रजी अक्षरं पेस्ट होतात, मग ना सर्च चालतो ना खुणा बाहेर काढता येतात. स्कॅन केलेली असेल तर आत मजकूरच नाही, नुसता फोटो. अशा फाइलला आधी ओसीआर करून घ्या, पानाचं चित्र वाचून त्याखाली युनिकोड मजकूर बसवला जातो, जोडाक्षरांत चुका होतात तेवढ्या हाताने सुधारायच्या.

हे सगळं सगळ्यात जास्त कामाला आलं ते १ जुलै २०२४ नंतर. त्या दिवशी आयपीसी म्हणजे जुनी भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता लागू झाली, ५११ कलमांची ३५८ झाली, आणि आमच्या नोट्समधले सगळे नंबर बदलले. खून ३०२ चा १०३ झाला, फसवणूक ४२० ची ३१८ वर गेली (चारसोबीस माणसाला आता काय म्हणायचं हा प्रश्न उरतोच). त्यात नव्या संहितेतही ३०२ नंबर आहेच, फक्त तिथे आता धार्मिक भावना दुखावणारे शब्द मुद्दाम उच्चारण्याचा गुन्हा बसलाय. जुनी आठवण नव्या आठवणीच्या आड येते याला मानसशास्त्रात अग्रलक्षी अडथळा म्हणतात, नाव सोडा, अनुभव असा की घर बदललं तरी रिक्षावाल्याला जुना पत्ता सांगतो. आणि जुना पत्ता विसरूनही चालत नाही, कारण त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना आयपीसीच लागते.

ज्यांच्या नोट्स वहीत होत्या त्यांनी पेनाने खाडाखोड केली. माझ्या नोट्सना टॅग होते, मी एक संध्याकाळ बसून प्रत्येक जुन्या कलमाच्या टिपेत नवा नंबर आणि शब्दांत काय बदललं ते टाकलं, आणि कार्डं दोन्ही बाजूंनी केली, १०३ दिसलं तर खून, आणि "३०२, पण कुठल्या कायद्यातलं?" हे वेगळं कार्ड. पहिले दोन आठवडे रोज चुकले. ॲप निर्लज्जपणे तेच तेच विचारत राहिलं.

मग बार कौन्सिलची एआयबीई आली, वकिली करायची तर पास व्हावी लागणारी परीक्षा. त्या परीक्षेला पूर्वी पुस्तकं नेता यायची, २०२१ पासून ते बंद झालं, बेअर ॲक्ट म्हणजे कायद्याचा नुसता छापील मजकूर नेता येतो पण त्यात टिपा चालत नाहीत. माझ्या बेअर ॲक्टला तर पेन्सिलचे बाण, चिकटवलेल्या चिठ्ठ्या आणि एका पानावर चहाचा गोल डागसुद्धा होता. म्हणून परीक्षेच्या दोन दिवस आधी पुण्यात पुस्तकांच्या दुकानांच्या अप्पा बळवंत चौकात जाऊन नवा कोरा घेतला. आत बसून उघडला तर पानं एकमेकांना चिकटलेली, आणि १०३ कुठल्या पानावर आहे ते शोधायला मला अनुक्रमणिका काही लागली नाही.