‘ये मेरा बॉम्बे’ : मुंबईच्या रॅपमागचा इतिहास

अंधेरी पूर्वेच्या जे. बी. नगर भागात वाढलेले रॅपर डिव्हाइन यांचे ‘ये मेरा बॉम्बे’ हे गाणे २०१३ साली आले, तेव्हा रॅप भारताला नवे राहिले नव्हते. बाबा सेहगल यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभीच हिंदी रॅप घरोघरी पोहोचवले होते आणि पुढे हिंदी चित्रपटांनीही ते नाचगाण्यांत सामावून घेतले. परंतु गाणारा कोणत्या वस्तीतून आला आहे, हे त्या रॅपमधून सहसा कळत नसे.

रॅप ज्या हिप-हॉप संस्कृतीचा भाग आहे, तिचा आरंभ न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ऑगस्ट १९७३ पासून मानला जातो. महामार्गासाठी वस्त्या उठवल्या गेलेल्या आणि वारंवारच्या आगींनी उजाड झालेल्या त्या भागातील तरुणांसाठी आपल्या मोहल्ल्याचे नाव अभिमानाने घेणे हीच स्वतःचे अस्तित्व सांगण्याची रीत होती. मुंबईत ती रीत पिनकोडच्या शेवटच्या दोन आकड्यांच्या रूपाने रुजली. जे. बी. नगरचे ‘५९’ आणि कुर्ला पश्चिमेचे ‘७०’ हे आकडे रॅपरांची ओळख बनले. डिव्हाइन आधी इंग्रजीत रॅप करीत आणि नंतर हिंदीकडे वळले. माझ्या मते खरे वळण हेच होय, कारण गल्लीचे वर्णन गल्लीच्याच बोलीत झाल्याने ते त्या गल्लीतल्या लोकांपर्यंत पोहोचले. कुर्ल्याच्या नेझी यांनी २०१४ मध्ये ‘आफत’ची चित्रफीत आयपॅडवर तयार केली, २०१५ मध्ये दोघांचे ‘मेरे गली में’ आले आणि त्यांच्या जीवनावरून प्रेरणा घेतलेला झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ २०१९ मध्ये प्रदर्शित झाला.

मराठी वाचकाला मात्र या प्रवासाच्या आधीचा एक धागाही दिसायला हवा. पठ्ठे बापूरावांनी मुंबईचा थाट लावणीत रंगवला होता, तर १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभारणाऱ्या अण्णाभाऊ साठे यांनी ‘मुंबईची लावणी’त मलबार हिलचे वैभव आणि परळच्या कामगारांचे कष्ट शेजारी-शेजारी मांडले. आजच्या रॅपरांनी ही परंपरा थेट उचलली, असा दावा करता येणार नाही. तरीही शहरावर जीव असूनही त्यातली विषमता न लपवण्याची वृत्ती दोन्हीकडे आहे, आणि म्हणूनच ही गाणी केवळ स्तुतिगीते ठरत नाहीत.

‘स्वदेसी’ या मुंबईच्या समूहाने २०१९ मध्ये ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये हा सूर अधिक तीव्र केला. एमसी मवाली यांच्या मराठी रॅपसोबत आरेतील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज त्यात आहे. मेट्रो कारशेडसाठी आरेतली झाडे तोडण्याचा वाद पेटलेला असताना, या भूमीवर शहराच्याही आधीपासून राहणाऱ्या लोकांची बाजू त्यातून ऐकू आली.