बार्टोकचे पियानो संगीत आणि लोकसंगीत

हंगेरियन संगीतकार बेला बार्टोक (१८८१–१९४५) याच्या पियानो रचनांमध्ये लोकसंगीत केवळ सजावटीपुरते येत नाही. त्याच्या स्वररचनेचे आणि लयीचे व्याकरणच त्यातून घडले आहे.

सुरुवातीचा बार्टोक कडवा राष्ट्रवादी होता. हंगेरीच्या १८४८ च्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता कोशुत याच्यावर त्याने १९०३ मध्ये वाद्यवृंदासाठी मोठी रचना केली. मात्र तेव्हा ज्याला ‘हंगेरियन’ म्हणत, ते हंगेरियन संगीतकार लिस्टच्या ऱ्हॅप्सोडींमधून (मुक्त बांधणीच्या रचनांमधून) युरोपभर पोचलेले, रोमा (जिप्सी) वादकांनी शहरांतून वाजवलेले संगीत होते. १९०४ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियाच्या (हा प्रदेश तेव्हा हंगेरीत होता, आता रुमानियात आहे) एका तरुण मोलकरणीचे गाणे त्याच्या कानी पडले आणि शेतकऱ्यांचे संगीत वेगळेच आहे हे त्याला उमगले. पुढच्याच वर्षी संगीतकार झोल्तान कोडायशी गाठ पडली. मग गाणी ध्वनिमुद्रित करायला फोनोग्राफ आणि मेणाच्या नळकांड्या घेऊन दोघांनी खेडी पालथी घातली.

तिथे सापडलेल्या जुन्या चाली बहुधा पाच स्वरांच्या होत्या: सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी. बार्टोकने यातून जे ओळखले ते अफाट आहे. या चालींत कोमल नी हा सा, कोमल ग, प यांच्या बरोबरीचा, स्थिर स्वर असतो. मग हे चारही स्वर पियानोवर एकत्र का वाजवू नयेत? पाश्चात्त्य शास्त्र ज्याला विसंवाद मानी, तो इथे विसाव्याची जागा झाला. लयीचेही तसेच. हंगेरियन भाषेत आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर पडतो. त्यामुळे आखूड पण जोरकस स्वर आणि त्यामागे लांब स्वर ही जोडी त्याच्या संगीतात वारंवार भेटते.

‘मुलांसाठी’ (१९०८–०९) या मूळच्या ८५ छोट्या रचनांच्या संग्रहात अर्ध्या भागात हंगेरियन आणि अर्ध्या भागात स्लोव्हाक गाणी आहेत. शिकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या या पानांत एकही सूर बेगडी नाही. ‘अलेग्रो बार्बारो’ (१९११) मध्ये पियानो तालवाद्यासारखा कडाडतो, तर १९२६ च्या सोनाटात तोच आघात अधिक कोरीव झाला आहे.

‘रुमानियन लोकनृत्ये’ (१९१५) या सहा नृत्यांचा इतिहास बोलका आहे. त्यांच्या चाली ट्रान्सिल्व्हेनियातल्या. तिसऱ्या नृत्यात डावा हात एकाच जागी ठाण मांडून आधारस्वर धरतो आणि वर बासरीसारखी चाल फिरत राहते. मूळ शीर्षकात ‘हंगेरीतील’ असा शब्द होता. पहिल्या महायुद्धानंतरच्या, १९२० च्या त्रियानोंच्या तहाने हंगेरीचा सुमारे दोन तृतीयांश प्रदेश गेला, बार्टोकचे जन्मगावही रुमानियात गेले आणि तो शब्द गळाला. त्याच वर्षी रुमानियन संगीतावर लिहिल्याबद्दल मायदेशातच त्याच्या देशनिष्ठेवर शंका घेतली गेली. १९३१ मधल्या एका पत्रात त्याने स्वतःला हंगेरियन संगीतकारच म्हटले. मात्र आपल्या संगीतात हंगेरियन, रुमानियन आणि स्लोव्हाक हे तिन्ही झरे मिळाले आहेत आणि लोकांमधला बंधुभाव हे आपले ध्येय आहे, असेही त्याने लिहिले. तो आपल्या देशापासून दुरावला नव्हता. खेडोपाडी फिरताना चाली सीमा ओलांडून कशा जातात, हे त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले होते.

लोकसंगीत वापरण्याच्या तीन वाटा त्याने सांगितल्या: चाल जशीच्या तशी घेऊन तिला साथ देणे, तिच्यासारखी नवी चाल बांधणे, आणि एकही चाल न घेता ती भाषा मातृभाषेसारखी बोलणे. ‘ट्रान्सिल्व्हेनियातील संध्याकाळ’ (१९०८) अस्सल लोकगीत वाटते, पण तिच्या चाली त्याच्या स्वतःच्या आहेत.

सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या १५३ पियानो रचनांच्या ‘मिक्रोकोस्मोस’ची (१९२६–३९) अखेर ‘बल्गेरियन लयीतील सहा नृत्यांनी’ होते. पहिल्यात ४+२+३ मात्रांचे आवर्तन, शेवटच्यात ३+३+२. वेगात ही विषम मापे धावताना हात अक्षरशः नाचतात. लय बल्गेरियन, चाली बार्टोकच्या.